वाजविणाऱ्यांचें औषधपाणी

लंडनची एक जुनी हकीकत सांगतात. हेमार्केट रस्त्यावरून दोन मुलें दुभत्या गाढविणी हांकीत चाललीं होतीं. कॉफीगृहाच्या दारांत उभ्या असलेल्या कांहीं वादकांनीं त्यांना ओळखलें. नामांकित ओबोवादक किच याचीं तीं पोरकीं मुलें! ज्या शहराला बापानें रिझविलें, तेथेंच तो कंगाल स्थितींत मेला होता. ओशाळलेल्या वादकांनीं १७३८ सालीं वर्गणी जमवून निधि काढला. थोर संगीतकार हँडेल आरंभींच्या सभासदांपैकीं एक. मृत्युपत्रांत त्यानें या निधीला एक हजार पौंड ठेविले. ती संस्था आजहि चालू आहे.

परंतु तो निधि मुख्यतः थकल्याभागल्या वादकांसाठीं व त्यांच्यामागें राहिलेल्यांसाठीं होता. ज्याला आज रात्रींच वाजवावयाचें आहे, त्याचें दुखणें कोणीं पाहावें? अमेरिकेंतील टेक्सस संस्थानांतल्या ऑस्टिन शहरानें याचें जें उत्तर शोधलें, तें मला सांगावयाचें आहे.

ऑस्टिननें १९९१ मध्यें ‘प्रत्यक्ष संगीताची जगांतील राजधानी’ हें बिरुद घेतलें. गिऱ्हाईक गाण्यासाठीं येतें आणि पैसा खाणावळवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सर्वांस मिळतो. वादकाच्या वांट्याला एका रात्रीची बिदागी. अमेरिकेंत आरोग्याचा विमा बहुधा मालकामार्फत उतरतो. ज्याला दररात्रीं निराळा मालक, त्याला कोणीच मालक नाहीं. २००५ सालीं रॉबिन शिव्हर्स या बाईंनीं ‘हेल्थ अलायन्स फॉर ऑस्टिन म्युझिशियन्स’ ही संस्था स्थापन केली. तिनें स्वतःचें रुग्णालय बांधलें नाहीं, आणि माझ्या मतें शहाणपण यांतच आहे. शहरांत दवाखाने होते, दंतवैद्य होते, कान तपासणारे होते; एका तरुण वादकाच्या आत्महत्येनंतर १९९५ मध्यें मानसिक उपचारांसाठीं निघालेली सिम्स फाउंडेशनहि होती. बेताच्या मिळकतीच्या वादकाला परवडेल अशा रीतीनें त्यांचीं दारें उघडून देणें, एवढेंच तिनें पत्करलें.

दंतवैद्य कशाला, असें कोणी विचारील. क्लॅरिनेटचें तोंड वरच्या पुढच्या दांतांवर टेकतें. ट्रंपेट वाजवितांना ओठांना आधार दांतांचाच. एक दांत हलला कीं सूर हलतो. कानाची गोष्ट अधिक दारुण. पंचाऐशी डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासच सोसावा, आणि दर तीन डेसिबलांस ही मुदत निम्मी करावी, असें अमेरिकेंतील तज्ज्ञ सांगतात. शंभर डेसिबलांना उरतात अवघीं पंधरा मिनिटें! साध्या बोळ्यानें उंच स्वर अधिक दबतात व गाणें बोथट होतें. म्हणून वादकासाठीं सर्व स्वर सारखेच मंद करणारे बोळे कानाच्या मापानें करतां येतात.

२०१० च्या कायद्यान्वयें सरकारी साह्याचा विमा २०१४ पासून सुरू झाला. पण त्या साह्यास कांहीं किमान उत्पन्न लागतें, आणि त्याखालच्या गरिबांसाठींची मेडिकेड योजना वाढविण्यास टेक्सस राजी झालें नाहीं. म्हणजे ज्याची कमाई सर्वांत थोडी, तोच उघड्यावर. वादकाची मिळकत तर पावसासारखी बेभरंवशाची! तेव्हां विम्याचे अर्ज भरण्यास मदत करणें, हेंहि संस्थेचें एक काम होऊन बसलें.

पैशासाठीं संस्थेनें वर्षाचा एक दिवस नेमला. त्या दिवशीं शहरभर वाद्यें वाजतात, आणि कित्येक दुकानदारांनीं त्या दिवसाच्या विक्रीचा शेंकडा पांच भाग संस्थेला दिला आहे. गाण्याच्या जोरावर ज्याचा गल्ला भरतो, त्यानें गल्ल्यांतून दिलें, तर ती भीक नव्हे. तरी मनाला एक टोंचणी राहतेच: त्या दिवशींहि वाजवावयाचें वादकांनींच!

परवां आमच्या आळींतून वरात चालली होती. क्लॅरिनेटवाला खिडकीखालीं थांबला व त्यानें पाणी मागितलें. तांब्या घेतांना तो हंसला, तेव्हां दिसलें कीं वरचा पुढचा एक दांत नाहीं. पाणी पिऊन त्यानें वाद्य पुन्हां तोंडाला लावलें. मात्र जरा कडेला सरकवून.