गंधार कुणी चोरला?
(युवक शिबिरातलं भाषण)



आज गिटारवर बोलणार आहे. चळवळीत गिटार कशाला, असं कुणी विचारेल. १९७२ साली आपण 'पँथर' हे नावच अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या लढ्याकडून घेतलं. त्यांच्या तारांशी आपलं नातं तेव्हापासूनचं आहे.

पॉवर कॉर्ड तुम्ही सगळेच हाणता. सहाव्या, म्हणजे जाड तारेवर पाचवा फ्रेट. पाचव्या आणि चौथ्या तारेवर सातवा. झाली ए-ची पॉवर कॉर्ड. आहे काय तिच्यात? सा, प, वरचा सा. बस्स. गंधार नाही. म्हणून ती मेजरही नाही, मायनरही नाही. सा आणि प यांचं नातं २:३ असं सरळ. अँप फाटेपर्यंत वाढवला तरी हे दोन सूर एकमेकांत घट्ट राहतात. गंधार घातला की त्या फाटक्या आवाजात चिखल होतो. म्हणून तो वगळला.

या दोन सुरांना हलकं समजू नका. १९५८ साली लिंक रे या गिटारवाल्याची 'रंबल' आली. त्या धुनेत एक शब्द नाही. तरी काही अमेरिकन रेडिओ केंद्रांनी ती वाजवायला बंदी केली. पोरं दंगा करतील म्हणे! बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात यंत्रानं टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं खाल्ली. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली. १९७० साली ब्लॅक सॅबथची पहिली तबकडी आली, ती याच बोटांची. हा आवाज कामगाराचा आहे.

पण तिथंच थांबायचं?

प्रस्थापितांना आपण असेच आवडतो. कायम ओरडणारे. घोषणा तुमच्या, गाणं आमचं. संताप तुमचा, करुणा आमची. हे सुरांमधलं चातुर्वर्ण्य आहे, दोस्तहो. आणि आपलीच काही पोरं ते छाती फुगवून पाळतात. म्हणतात, बारीकसारीक सूर बामणी असतात. अरे, गंधार कुणाच्या बापाचा आहे?

आता गिटार घ्या. हात तोच, जागा तीच. तिसऱ्या तारेवर सहावा फ्रेट दाबा. शुद्ध गंधार आला, कॉर्ड मेजर झाली. पाचवा दाबा. कोमल गंधार, मायनर. फरक फक्त एका घराचा.

पुढं चला. आता पंचमच काढून टाका. जाड तार पाचवा फ्रेट, चौथी तार पाचवा, तिसरी तार सहावा. पाचवी तार बोटानं मुकी करा. सा, कोमल नी, शुद्ध ग. ही ए-सेव्हन. सूर तीनच, पण आता ती बोलायला लागली. चौथ्या आणि तिसऱ्या तारेवरची बोटं एकेक घर मागं घ्या, जाड तार सोडा, पाचव्या तारेचा पाचवा फ्रेट धरा. झाली डी-सेव्हन. ब्लूजची अर्धी वाट तुम्ही चाललात. श्रीमंत कॉर्ड म्हणजे सुरांची गर्दी नव्हे. कुठला सूर ठेवायचा, कुठला सोडायचा, हे आपण ठरवायचं.

शेवटची कॉर्ड जिमी हेंड्रिक्सची. पाचवी तार सातवा, चौथी सहावा, तिसरी सातवा, दुसरी आठवा. १९६७ च्या 'पर्पल हेझ'मध्ये ती ऐका. खाली शुद्ध गंधार, वर कोमल गंधार, एकाच ठोक्यात. एक दुसऱ्याला पुसत नाही. काळ्यांच्या ब्लूजनं हे दोन गंधार कायम शेजारी नांदवले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. डोळ्यांत पाणी असतं, आणि ताठ मानही असते.

पॉवर कॉर्ड फेकू नका. ती आपली मूठ आहे. पण मूठ उघडताही आली पाहिजे. डिस्टॉर्शनचं बटण थोडं मागं घ्या, नाहीतर नवे सूर ऐकूच येणार नाहीत. दहा वेळा सा-प हाणा, अकराव्या वेळी गंधार घाला. समोरची वस्ती गप्प होऊन ऐकते की नाही बघा.

जयभीम!