नाव कोणत्या मस्टरवर?
(मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कामाच्या ठिकाणची सुरक्षितता आणि मालकाची जबाबदारी या विषयावर मी बोलावे, असे कार्यकारिणीने सुचविले. मी वकील नाही. कला शाखेचा पदवीधर, बँकेतला कारकून. पण माझी सगळी नोकरी कागद पाहण्यातच गेली आहे, म्हणून कागदापासूनच सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेत एक भगिनी खाते उघडायला आली. नवरा एका गोदामात हमाली करीत होता. गोणींची थप्पी अंगावर कोसळून तो गेला. नुकसानभरपाई मिळेल या आशेने तिला खाते हवे होते. मी विचारले, "कंपनीचा काही कागद आहे का?" नव्हता. हजेरी रोख मिळायची, गेटपास संध्याकाळी परत घ्यायचे. गोदामवाल्याने ठेकेदाराकडे बोट दाखविले, ठेकेदाराने मुकादमाकडे. मस्टरवर नावच नव्हते. खाते मी उघडून दिले. त्यात जमा झाले ते शेजाऱ्यांनी गोळा केलेले पैसे.

आपल्या जासईला हे सांगायला नको. १६ आणि १७ जानेवारी १९८४ च्या गोळीबारात या परिसरातील पाच जण हुतात्मा झाले, ते जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. भोवती कंटेनर यार्ड आणि गोदामे उभी राहिली. त्या जमिनीवर आता आपली मुले कामाला जातात, बरीचशी ठेकेदाराच्या हाताखाली.

जुना कायदा वाईट होता असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. पुढे १९४८ चा कारखाना अधिनियम आला. १९८४ च्या भोपाळ वायुकांडानंतर १९८७ मध्ये त्यात धोकादायक उद्योगांसाठी नवे प्रकरण घातले गेले. इतकी माणसे मेल्यावर!

आता हा अधिनियम आणि १९८६ चा गोदी कामगार सुरक्षा कायदा धरून एकूण १३ कायदे एकाच संहितेत आले आहेत. संसदेने ती २०२० मध्ये मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. तिच्यातील सहावे कलम मालकाच्या कर्तव्यांचे आहे. विद्यार्थ्यांनी ते मुळातून वाचावे. कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे, ठरावीक वयाच्या वा ठरावीक कामांवरील माणसांची दरवर्षी मोफत वैद्यकीय तपासणी करणे, हेल्मेट-बूट यांचे पैसे पगारातून न कापणे, हे सारे त्यात आहे.

पण मला त्यातील दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. पहिली, प्रत्येकाला नेमणूकपत्र. जे आधीपासून कामावर आहेत त्यांनाही संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत ते द्यायचे होते. दुसरी अशी की कारखाना, खाण, गोदीकाम, बांधकाम अशा ठिकाणी आवारात जो कोणी असेल त्याच्या सुरक्षिततेला मालक जबाबदार, मग तो माणूस तिथे आहे हे त्याला माहीत असो वा नसो. बंदरालगतची माल चढ-उतार आणि साठवणही गोदीकामात धरली आहे. 'तो आमचा माणूस नव्हता' या उत्तराला इथे चाप बसू शकतो. कर्तव्यात कसूर होऊन माणूस दगावला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. त्या दंडाची निम्मी वा अधिक रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

सगळेच चांगले आहे असे मी म्हणणार नाही. वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० वर गेली. ठेका कामगारांचे प्रकरण आता ५० माणसांपासून लागते, १९७० च्या मूळ केंद्रीय कायद्यात २० पासून लागत असे. तीस-पस्तीस जणांची टोळी घेऊन फिरणारा ठेकेदार नेमका यातून निसटतो. निरीक्षकाच्या नावालाही आता 'सुविधाकर्ता' हा शब्द जोडला आहे. सुविधा कोणाची, हे आपण विचारीत राहू.

आणि मोठ्या प्रकल्पात सर्व ठीक असते, असेही समजू नका. ३ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्या उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागली आणि चार जण गेले. त्यांत आग विझवायला धावलेले जवान होते.

चौदाव्या कलमाने कामगाराला सुरक्षिततेची माहिती मागण्याचा आणि जिवाला धोका वाटल्यास तसे मालकाला नि निरीक्षकाला कळविण्याचा हक्क दिला आहे. तोंडी सांगू नका. दोन ओळींचा अर्ज करा, तारीख घाला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. बँकेत आम्ही पोच असल्याशिवाय काही मानीत नाही, मालकही मानणार नाही. अर्ज लिहिता येत नसेल त्याला इथल्या कॉलेजच्या मुलांनी लिहून द्यावा. गेटपास रोज परत घेत असतील, तर त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. तोही दिवसाच्या सुरुवातीलाच, कामावर चढण्यापूर्वी.