शांति कीं तरवार? ख्रिस्ती श्रद्धा आणि घरांतील कलह

धर्माचा आश्रय मनुष्य बहुधा शांतीसाठीं करतो. संसाराची उठाठेव चार घटका बाजूस ठेवून देवघरांतील समईपुढें बसावें आणि मन निवावें, एवढीच सामान्य गृहस्थाची धर्माकडून अपेक्षा असते. बीड जिल्ह्यांत, परळी-अंबाजोगाईच्या परिसरांत, धर्मापुरी नांवाचें एक जुनें गांव आहे. तेथें केदारेश्वराचें उत्तर चालुक्यांच्या काळांतील शिल्पसंपन्न मंदिर आजहि उभें आहे. गांवाच्या नांवांतच धर्म आहे. अशा गांवांतून धर्म ही कोणी पारखून निवडलेली वस्तु नसे; तो जन्माबरोबर येई. जात, काम, पंक्ति, पाणवठा, सोयरीक आणि स्मशान हीं सारीं त्या एका शब्दांत सामावलेलीं असत. धारण करतो तो धर्म, असें जें म्हणतात त्याचा व्यवहारांतील अर्थ हाच. मग त्या धारणेंतून एखादा मनुष्य केवळ आपल्या मनाच्या साक्षीनें बाहेर पडला, तर त्यास शांति लाभते कीं त्याच्या घरांत कलह शिरतो? महाराष्ट्रांतील ख्रिस्ती लोकांच्या इतिहासानें या प्रश्नाचें उत्तर वारंवार आणि बहुधा फार कठोरपणें दिलें आहे.

खुद्द ख्रिस्ती धर्मग्रंथानें हें उत्तर लपवून ठेविलेलें नाहीं. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील दहाव्या अध्यायांत येशू आपल्या बारा शिष्यांस प्रथमच गांवोगांव पाठवीत आहे. निघण्याच्या वेळीं तो त्यांस मानमान्यतेचें आश्वासन देत नाहीं. आपलें येणें पृथ्वीवर स्वस्थता आणण्यासाठीं नसून तरवार आणण्यासाठीं आहे. बापलेक, मायलेकी, सासूसुना यांच्यांत अंतर पडेल आणि मनुष्याचे वैरी त्याच्याच घरचे होतील, अशा आशयाचें तो बोलतो. हे शब्द प्रथम ऐकणारास धक्काच बसतो. याच गुरूनें डोंगरावरील प्रवचनांत शांति करणारांस धन्य म्हटलें होतें, आणि पुढें अटकेच्या रात्रीं पेत्रानें तरवार उपसली तेव्हां ती म्यान करावयास लाविली.

हा विरोध वरवरचा आहे. लूकाच्या शुभवर्तमानांत हाच उद्गार येतो, तेथें तरवारीच्या जागीं फूट या अर्थाचा शब्द आहे. सासूसुनेचें वर्णन तर मीखा या प्राचीन संदेष्ट्याच्या ग्रंथांतून आलेलें आहे. आपल्या काळीं घरोघर विश्वास कसा नाहींसा झाला आहे, याचा तेथें शोक केलेला आहे. तेव्हां येथील तरवार शिष्यानें हातीं धरावयाची नाहीं. ती त्याच्या आणि त्याच्या जिवलगांच्या मधोमध पडावयाची आहे. फूट पाडणें हा हेतु नाहीं. परंतु हेतु कितीहि शुद्ध असला तरी परिणाम फूट हाच होण्याचा संभव आहे, हें शिष्यानें निघण्यापूर्वींच जाणावें, असा त्या बोलण्याचा रोख दिसतो.

असें कां व्हावें? मत बदललें एवढ्यावरून आपल्या समाजांत सहसा कोणी कोणाचें घर सोडीत नाहीं. एकाच घरांत बाप शैव, मुलगा वारकरी आणि नातू नास्तिक, असा संसार सुखानें चालूं शकतो. परंतु बाप्तिस्मा हा केवळ मताचा पालट समजला जात नसे. तो घेणाऱ्याच्या हातचें पाणी घरास चालत नसे. त्यानें केलेलें श्राद्ध पितरांस पोंचत नसे, म्हणजे तो जिवंत असून आईबाप निपुत्रिक होत. त्याच्या बहिणीची सोयरीक अडे. त्याची बायको सौभाग्यवती असूनहि विधवेप्रमाणें माहेरीं राही. १८५० सालच्या एकविसाव्या कायद्यानें धर्मांतर केल्यामुळें किंवा जातीबाहेर पडल्यामुळें मनुष्याचा वारसाहक्क जाऊं नये अशी तरतूद केली, आणि १८६६ सालीं ख्रिस्ती झालेल्या मनुष्याचा जोडीदार सहवास नाकारीत असल्यास विवाहविच्छेदाची वाट कायद्यानें मोकळी केली. कायद्यानें जमीन मिळाली, मोकळीक मिळाली. पण तुटलेली पंक्ति कायद्यास जोडतां येण्यासारखी नव्हती.

याचें एक हृदयद्रावक उदाहरण मुंबईंत १८४३ सालीं घडलें. नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणानें त्या वर्षीं स्कॉटिश मिशनच्या पाद्र्यांकडे बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा अवघा बारा वर्षांच्या आसपासचा. तोहि पाद्र्यांच्या घरीं राहूं लागला. बापानें न्यायालयांत धांव घेतली, आणि मुलगा अज्ञान असल्यामुळें त्यास बापाच्या स्वाधीन करावें असा निर्णय झाला. एवढ्यानें प्रकरण मिटावयास हवें होतें. परंतु खरा वाद येथूनच पेटला. श्रीपतीनें ख्रिस्ती लोकांच्या घरीं अन्न घेतलें होतें, म्हणून सनातनी मंडळी त्यास जातींत घेईनात. बाप्तिस्मा झालेला नाहीं, तरीहि ब्राह्मण्य गेलेलें, अशा अवस्थेंत तें पोर सांपडलें. बाळशास्त्री जांभेकर यांनीं प्रायश्चित्त देऊन त्यास परत घ्यावें असा पक्ष उचलला. बाळशास्त्री स्वधर्मनिष्ठ होते, मिशनऱ्यांच्या कार्याचे ते पुरस्कर्ते नव्हते. तरीहि त्यांस स्वजातीयांचा मोठा रोष सोसावा लागला. म्हणजे एका मुलावरून उठलेल्या कलहाची झळ, ज्यानें समेट घडवावा म्हटलें, त्यासहि लागल्यावांचून राहिली नाहीं.

नारायण शेषाद्रि पुढें मराठवाड्यांत आले. त्या वेळीं हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. जालन्यास त्यांनीं कार्य आरंभिलें आणि सर सालारजंग यांच्या दिवाणगिरींत मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ बेथेल नांवाची ख्रिस्ती वसाहत उभारिली. धर्मापुरीसारख्या गांवांच्या मुलुखांतील ही कथा म्हणून तिचें महत्त्व विशेष. येथें येणारांत मांग व महार या समाजांतील लोक पुष्कळ होते. ब्राह्मण ख्रिस्ती झाला म्हणजे त्याचें घर फुटे. गांवकुसाबाहेरचा मनुष्य ख्रिस्ती झाला म्हणजे साऱ्या गांवाची घडी विसकटण्याची भीति वाटे. मेलेलें जनावर ओढणें, वेशीची राखण, सांगावे पोंचविणें, देवीच्या जत्रेंतील ठरलेलें काम, हीं सारीं त्याच्या जातीकडे होतीं, आणि त्यांच्या मोबदल्यांत बलुतें मिळे. नव्या धर्माच्या शिकवणुकीप्रमाणें यांपैकीं एखादें काम त्यानें नाकारलें, तर तें गांवास बंडच वाटे. स्वकीयांसहि त्याचा राग येई. कारण एकानें काम सोडलें कीं उरलेल्यांवर त्याचा बोजा पडे आणि सर्वांचें बलुतें धोक्यांत येई. अशा मनुष्यास वेगळी वस्ती हवीशी वाटावी यांत नवल नाहीं. बेथेलसारख्या वसाहतींनीं त्यास निवारा दिला. त्याबरोबरच तो आपल्या जुन्या माणसांपासून तुटला आणि मिशनवर अवलंबून राहिला, हेंहि नमूद केलें पाहिजे.

महाराष्ट्रीय वाचकांस सर्वांत परिचित असलेलें उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें. १८९३ सालीं आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपियन गृहस्थाशीं त्यांचा संवाद झाला. त्यानें त्यांस नवा करार वाचावयास दिला. डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन वेधलें, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांस जें मिळालें तें त्यांच्या पुढील कवितेनें महाराष्ट्रास दिलें. परंतु त्या दिवशीं लक्ष्मीबाईंच्या वांट्यास काय आलें? पति जिवंत, आणि तरी नाहींसा. पदरीं दत्तू हा लहानगा मुलगा. सुमारें पांच वर्षें ही ताटातूट चालली. टिळकांनीं १८६६ च्या कायद्याचा मार्ग धरिला नाहीं. ते वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई अखेरीस नगर जिल्ह्यांत त्यांच्याजवळ आल्या, तरी सोवळें, स्वयंपाक, पाणी सारें वेगळें ठेवून. मग हळूहळू त्यांच्या मनांत विचार उठूं लागला, कीं माणसें देवानें केलीं, पण हे भेद कोणीं केले? तो विचार पक्का झाल्यावर त्यांनीं आपण होऊन जातिभेद सोडला, आणि १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला. कोणाच्या आग्रहानें एका दिवसांत घडलेलें तें परिवर्तन नव्हतें.

पंडिता रमाबाईंस कलह दोन्हीं बाजूंनीं भोगावा लागला. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां पुण्यामुंबईचा सुधारक वर्गहि दुखावला. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें आणि तें पुढें पुण्यास नेलें. तेथील कांहीं मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून १८९३ सालीं गहजब झाला. रानडे-भांडारकरांसारख्यांनीं सल्लागार मंडळ सोडलें आणि पालकांनीं मुली काढून नेल्या. पण ज्या धर्मगुरूंच्या छत्राखालीं बाप्तिस्मा झाला, त्यांच्याशींहि बाईंचें जुळलें नाहीं. केवळ अधिकारी सांगतो म्हणून एखादें मत मान्य करणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. क्रूसावर लॅटिन अक्षरें कां, संस्कृत कां नकोत, असा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. टिळकांचेंहि पुढें असेंच झालें. १९१७ सालीं त्यांनीं अमेरिकन मिशनची चाकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्हीं प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठीं देवाचा दरबार स्थापिला. मिशनमधील पुष्कळांस तें रुचलें नाहीं. जी सदसद्विवेकबुद्धि मनुष्यास एका घरांतून बाहेर काढते, ती दुसऱ्या घरांतहि त्यास स्वस्थ बसूं देतेच असें नाहीं.

तथापि कलह झाला म्हणून श्रद्धा खरी ठरली, असा हिशेब मांडणें धोक्याचें आहे. त्या शतकांत कांहीं पाद्र्यांनीं आणि नवख्रिस्त्यांनीं पूर्वजांच्या देवांची टवाळी केली. तेथें उठलेला संताप अपमानाचा होता, सत्याचा नव्हे. राज्यकर्त्यांचा धर्म आणि प्रचारकांचा धर्म एकच असल्यामुळें पुष्कळांस धर्मांतरांत स्वार्थाचा वास येई, आणि तो नेहमींच निराधार नसे. अल्पवयी मुलांच्या बाबतींत बापाचा आक्रोश कोणाहि सहृदय मनुष्यास समजण्यासारखा आहे. शिवाय नव्या मंडळींतहि जातीची जुनी आठवण पुसली गेली नाहीं. तेथेंहि लग्नें जुळवितांना पूर्वीची जात पाहणारे निघाले. म्हणून परीक्षा करावयाची ती अशी: कलहांत कोण कोणास दुखवितो? आपल्या श्रद्धेपायीं मनुष्य स्वतः सोसतो, कीं दुसऱ्यास सोसावयास लावतो? येशूच्या बोलण्यांतील तरवार शिष्याच्या हातीं दिलेली नाहीं, हें येथें पुन्हां ध्यानांत घेतलें पाहिजे.

ही परीक्षा ख्रिस्ती लोकांनाच लागू आहे असेंहि नाहीं. तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या. तुकोबांना गुरु मानलें म्हणून बहिणाबाईंनीं नवऱ्याचा मार खाल्ला. आळंदीच्या चार भावंडांस संन्याशाचीं पोरें म्हणून वाळींत टाकलें. ज्यांच्या अभंगांनीं आज घरोघर शांति नांदते, त्यांच्या स्वतःच्या घरीं ती सुखासुखी नांदली नव्हती. टिळकांना हें पूर्ण ठाऊक होतें. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशीं आलों, असें ते मोकळ्या मनानें सांगत.

मग शांतीचें काय? योहानाच्या शुभवर्तमानांत येशू शिष्यांस शांति देऊं करतो, मात्र ती जगाच्या रीतीची नव्हे असें बजावतो. जगाच्या रीतीची शांति म्हणजे कोणी कांहीं विचारूं नये आणि पूर्वापार चालत आलेलें तसेंच चालू द्यावें. बेथेलच्या मांग-महारांना किंवा शारदासदनांतील बालविधवांना तसल्या शांतीचा फारसा उपयोग नव्हता; तिची किंमत त्यांनींच मोजलेली होती. दुसरी शांति कलहाच्या आधीं येत नाहीं, बहुधा त्याच्या मागून येते, आणि तीहि प्रत्येकास येतेच असें नाहीं. श्रीपतीच्या बालवयांत ती कोठें दिसत नाहीं. लक्ष्मीबाईंस मात्र ती लाभली असें म्हणावयास आधार आहे. टिळक १९१९ सालीं वारले. त्यानंतर पंधरा वर्षांनीं त्यांच्या ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्राचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. ज्या संसाराची एवढी मोडतोड झाली त्याची हकीकत त्यांत आहे. पण ना नवऱ्यावर राग, ना सोडून आलेल्या नातलगांवर रोष. सोंवळ्यापायीं झालेल्या स्वतःच्या फजितीवर त्या मनमुराद हंसतात, आणि वाचकासहि हंसवितात.