सड्यावरचा वारसा
(सानपाडा येथील कौटुंबिक स्नेहमेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको बेटावर कॅग्वाना नावाचे एक उद्यान आहे. ताइनो या मूळ रहिवाशांनी तेथील उभ्या शिळांवर माणसांचे आणि प्राण्यांचे आकार कोरले. स्पॅनिश आक्रमणानंतर सोळाव्या शतकात वेठबिगारी आणि रोगराईने तो समाज उद्ध्वस्त झाला. आज तेथे शिळा जपल्या आहेत. त्यांचा अर्थ सांगणारी परंपरा मात्र तुटली आहे.

इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. सानपाड्यातील अनेक कुटुंबांचे मूळ गाव रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहे. तेथील जांभ्याच्या उघड्या सड्यांवर हजाराहून अधिक कातळशिल्पे आढळली आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा असून त्याच्या देहात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभी मनुष्याकृती आहे. देवाचे गोठणे येथे तर शिल्पाजवळ होकायंत्राची सुईही भरकटते. काही ठिकाणी गेंडा दिसतो, जो आज कोकणात नाही. शेतीचे चित्रण मात्र आढळत नाही. म्हणून ही शिल्पे दहा हजार वर्षांहून जुनी, शिकारी समाजाची असावीत, असे अभ्यासक मानतात.

गावकऱ्यांना ही चित्रे अपरिचित नव्हती. कोणी त्यांना पांडवांचे काम म्हणत, कुडोपीला तर त्यांना बाहुल्या म्हणत. पांडवांचे नाव हा इतिहासाचा पुरावा नव्हे, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु ज्याचा कर्ता ठाऊक नाही, तेही आपल्याच पूर्वजांचे मानून त्याला नाव देणे, हा आपल्या समाजाचा स्वभाव आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावोगाव हिंडून, गुराख्यांना विचारून या शिल्पांचा शोध घेतला, तो या लोकस्मृतीच्याच आधाराने. २०२२ साली उक्षी, जांभरूणपासून गोव्यातील पणसायमळपर्यंतची नऊ स्थळे युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली.

परंतु संभाव्य यादी म्हणजे संरक्षण नव्हे. चिरेखाणीच्या एका यंत्राला हजारो वर्षांची रेषा पुसायला एक दुपार पुरते. रस्ते, बागायतीसाठी होणारे सपाटीकरण यांचाही धोका आहेच. बारसूच्या सड्यावरील प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पामुळे २०२३ साली हाच प्रश्न ऐरणीवर आला. विकास नको, असे कोणीही म्हणणार नाही. पण कारखान्याची जागा बदलता येते, कातळशिल्पाची बदलता येत नाही.

मार्ग उक्षीने दाखवला आहे. तेथे ग्रामस्थांच्या पुढाकाराने हत्तीच्या शिल्पाभोवती कठडा उभा राहिला.

आपल्याकडून अपेक्षा फार मोठी नाही. गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाल, तेव्हा मुलांना घेऊन सड्यावर जा. पादत्राणे काढा, रेषांवर पाय देऊ नका, छायाचित्रासाठी खडूने रेघा ओढू नका. आपल्या सामाईक जमिनीत शिल्प असेल, तर खाणीसाठी संमतीची सही करण्यापूर्वी भावकीला एकत्र बसवा. मुंबईत राहणाऱ्यांच्या सहीवाचून पुष्कळ जमिनींचे व्यवहार होत नाहीत. हा वारसा राखण्याचे सामर्थ्य म्हणूनच येथे, या सभागृहात बसलेल्यांच्याही हाती आहे.