रस्ता खोदून केलेला हिशेब

सरकारी कामात पैसा मुरतो, हे सगळेच म्हणतात. पण किती मुरतो, हे मोजायचं कसं? अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी २००३-०४ मध्ये इंडोनेशियात चक्क रस्तेच खोदून पाहिले. जावा बेटावरच्या सहाशेहून अधिक गावांत रस्ते बांधले जात होते. काम संपल्यावर अभियंत्यांनी जागोजागी खणून खडी-वाळू प्रत्यक्षात किती पडली ते मोजलं, आसपासच्या बाजारात मालाचे भाव विचारले, मजुरी किती मिळाली याची गावात चौकशी केली. मग त्यावरून निघालेला खरा खर्च कागदावरच्या खर्चाशी ताडून पाहिला.

प्रयोग म्हणून काही गावांना आधीच बजावलं होतं, तुमचं ऑडिट नक्की होणार. एरवी ती शक्यता जेमतेम ४ टक्के! बजावलेल्या गावांत गायब होणाऱ्या खर्चाचं प्रमाण सुमारे ८ टक्के अंकांनी घटलं. गावसभेत लोकांचा सहभाग वाढवण्याचाही प्रयोग झाला, पण त्यानं सरासरी फारसा फरक पडला नाही.

आणखी एक गंमत. ऑडिट ठरलेल्या गावांत काम चालवणाऱ्यांच्या नातेवाइकांना प्रकल्पावर जास्त रोजगार मिळाला. असली मेहेरबानी हिशेबाच्या वहीत सहज दिसत नाही.