अर्थपूर्ण, बोलका, सूचक



परवा शेजारचं तरुण जोडपं पेढे घेऊन आलं. मुलगी झाली होती. म्हणाले, "काका, एखादं मीनिंगफुल नाव सुचवा ना." मी म्हटलं, निरर्थक नाव तर कुणीच ठेवत नाही, मग तुम्हाला नेमकं हवंय काय? अन्वर्थक हवं असेल, म्हणजे नाव तशी मुलगी, तर ते बारशाला ठरत नाही. पंचवीस वर्षं थांबावं लागतं. नाव त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी विचारलं. मला मात्र आजच्या व्याख्यानाचा विषय मिळाला.

'मीनिंगफुल'साठी आपण हल्ली एकच शब्द हाताशी ठेवलाय, अर्थपूर्ण. गाणं अर्थपूर्ण, सिनेमा अर्थपूर्ण, चर्चाही अर्थपूर्ण. मराठीत या कामाला वेगवेगळी माणसं नेमलेली आहेत.

'बोलका' घ्या. डोळे बोलके, चेहरा बोलका, आकडेवारी बोलकी. इथे कुणाचा हेतू लागत नाही. वस्तू आपणहून सांगते, कधी धन्याच्या मनाविरुद्धही. "काही झालं नाही" असं म्हणणाऱ्याचा चेहरा बोलका असतो, तो असा. (बोलकी बाहुली तेवढी अपवाद. ती बिचारी अक्षर बोलत नाही, बोलतो शब्दभ्रमकार.) 'सूचक' मात्र मुद्दाम असतं. सूचक मौनामागे कुणीतरी असतो. त्याला सांगायचं असतं, पण सांगितल्याचं अंगावर घ्यायचं नसतं. निवडणुकीच्या उमेदवारी अर्जावरही सूचक असतो, पण त्या गरिबाला सही करावी लागते! 'अर्थगर्भ'मध्ये अर्थ पोटात असतो, तो वाचणाऱ्याने काढायचा. 'आशयघन' समीक्षकांचा, त्यांच्यापाशीच राहू द्या. आणि 'मार्मिक' म्हणजे मर्मावर नेमकं बोट. १९६० साली बाळ ठाकरे यांनी व्यंगचित्रांचं साप्ताहिक काढलं, त्याचं नाव 'मार्मिक'. 'अर्थपूर्ण' ठेवलं असतं तर कुणी विकत घेतलं असतं?

आता या 'अर्थपूर्ण'चीच गंमत बघा. वर्तमानपत्राचं ठाणे-कल्याणचं पान उघडा. अनधिकृत इमल्याकडे 'अर्थपूर्ण दुर्लक्ष' झालेलं असतं, कुणाकुणाचे 'अर्थपूर्ण संबंध' असतात. इथे भाषांतर करणाऱ्याने 'मीनिंगफुल' लिहिलं की तो फसला. अर्थ म्हणजे पैसा. चार पुरुषार्थांतला दुसरा तोच, कौटिल्याच्या अर्थशास्त्रातलाही तोच. बातमीदाराने पुरावा न देता, कुणाचं नाव न घेता एका विशेषणात सगळा व्यवहार सांगून टाकला. माझ्या मते गेल्या काही दशकांत मराठी पत्रकारितेने केलेला हा सर्वांत हुशार श्लेष आहे, आणि तो वापरून वापरून गुळगुळीत झाला, याचं वाईट वाटतं.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या: अभिधा, लक्षणा, व्यंजना. त्या शिकायला काश्मीरला जायला नको, फलाटावर उभं राहा. "डोंबिवली कुठे आली?" "ठाकुर्लीच्या अलीकडे." ही अभिधा, सरळ अर्थ. "डोंबिवली गेली का हो?" इथे गाव जागच्या जागी आहे, गेली ती लोकल. ही लक्षणा. ठाणं सुटल्यावर दारातल्या माणसाच्या खांद्यामागून एकच शब्द येतो, "डोंबिवली?" ही व्यंजना. तुम्ही उतरणार का, नसाल तर कडेला व्हा, असाल तर मी तुमच्या मागे आहे, आणि आता मला ढकलू नका, इतकं सगळं त्यात आलं. अकराव्या शतकातल्या काश्मिरी मम्मटाने उदाहरण दिलंय ते सूर्य मावळल्याचं. वाक्य एकच, पण सेनापतीला ते हल्ल्याची वेळ सांगतं, अभिसारिकेला निघण्याची, गुराख्याला गाई वळवण्याची. मम्मटाला आपली ५.४८ची फास्ट मिळाली असती, तर 'काव्यप्रकाशा'त एक उदाहरण वाढलं असतं.

ठाणे या नावाचं बघा. शिलाहार राजांच्या लेखांत हे श्रीस्थानक आहे, राजधानीला शोभेल असं. पुढे १९०१ साली इथे मनोरुग्णालय आलं, आणि मुंबईकराच्या तोंडी "याला ठाण्याला पाठवा" एवढं पुरेसं झालं. शब्दात रोग नाही, इस्पितळ नाही, तरी ऐकणाऱ्याला सगळं कळतं. ठाणेकरांनी ही चेष्टा वर्षानुवर्षं हसत सोसली. आता घरांचे भाव ऐकल्यावर वेड कुणाला लागतं, ते मुंबईकरालाही कळू लागलंय.

या शब्दांवरून घरी वाद झाला, तर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश काढा. घरी नसला तर कल्याणात १८६४ पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. मोबाइलवर प्रतिशब्द शोधाल तर पुन्हा 'अर्थपूर्ण'च हाती येईल.

बराच वेळ झाला. तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांची जांभई मी पाहिली, ती बोलकी होती. आणि अध्यक्षांनी आत्ताच पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मला तहान लागलेली नाही, हे त्यांनाही माहीत आहे.