गिऱ्हाईक होऊन पाहिलं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



धुळ्यात आग्रा रोडजवळच्या एका कापड दुकानात मी ३१ वर्षं नोकरी करतो. मराठी घेऊन बी.ए. झालो, कविता लिहितो, पण पोट चालतं ते साड्यांच्या घड्या उलगडण्यावर. कितीतरी कवितांच्या पहिल्या ओळी मी साडीच्या घडीतल्या पुठ्ठ्यावर लिहिल्या आहेत. मालकांना ते ठाऊक आहे. ते पुठ्ठे मोजत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मी आठवडी सुट्टीला जोडून एक दिवसाची रजा काढली आणि जळगावला गेलो. कशाला? तर खरेदीला! दुकानातली पोरं पोट धरून हसली. हलवायाने रजा काढून परगावी जिलबी खायला जावं, तशातली गत. पण बेत माझा नव्हताच. आम्ही घरात आमची खानदेशी उर्दू बोलतो, तेव्हा बायको काय म्हणाली ते मराठीत सांगतो. ती म्हणाली, "३१ वर्षं तुम्ही साऱ्या गावाच्या बायकांना साड्या दाखवल्या. मला एकदा तरी दाखवली का?"

खरं होतं ते. तिची प्रत्येक साडी मीच घरी आणलेली. कधी काठाला डाग लागला म्हणून मालकांनी कमी भावात दिलेली, कधी लग्नसराई सरल्यावर उरलेली. रंग मी ठरवायचा आणि तिने नेसायचा. आमच्याच दुकानात ये म्हटलं तर यायची नाही. म्हणायची, "तिथे तुम्ही नोकर, मी नोकराची बायको. आणखी दाखवा, असं कोणत्या तोंडाने म्हणू?"

म्हणून जळगाव. जेमतेम नव्वद किलोमीटर, पण तिथे आम्हाला ओळखणारं कोणी नाही.

२०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. "खर्चिक माणूस तुम्हीच," असं तिने बसमध्येच ऐकवून घेतलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, गिरणेचा पूल आला. स्टेशनजवळ एका लॉजवर उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी भरीत-पुरी खाल्ली. दहा वाजले तशी माझ्या पायांत चुळबूळ सुरू झाली. ही आमची शटर वर करायची वेळ. बायको म्हणाली, "बसा गुपचूप. आज तुम्ही गिऱ्हाईक आहात."

मग आम्ही महात्मा फुले मार्केटात गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही. बावीस-तेवीस वर्षांचा एक पोरगा पुढे आला. "या काका, बसा मावशी." एक साडी उलगडली, दुसरी, पाचवी, दहावी. माझे हात आपोआप पुढे गेले आणि मी घडी घालू लागलो. पोरगा म्हणाला, "काका, राहू द्या, माझं काम आहे ते." मग माझ्या हातांकडे नीट बघून हसला, "काका, तुम्हीपण लाइनीतले का?"

बायकोने सव्वीस साड्या उलगडायला लावल्या. सवयच आहे, मी मोजल्या. असं गिऱ्हाईक गेल्यावर आम्ही मागे काय बोलतो, ते इथे सांगण्यासारखं नाही. पण त्या दिवशी मी गप्प बघत राहिलो. ती एकेक पदर खांद्यावर घेऊन आरशात पाहत होती. दुकानातल्या आरशापुढे मी हजारो बायका उभ्या राहिलेल्या पाहिल्या आहेत. तिला पहिल्यांदा पाहिलं. तिने एक गडद जांभळी साडी निवडली. मी तिच्यासाठी तो रंग कधीच काढला नसता.

पोरगा मात्र एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत उभा होता. हे मला न सांगता कळतं. संध्याकाळी पोटऱ्या सुजतात, शिरा तटतटतात. कोपऱ्यात एक स्टूल होतं, त्यावर पिशव्यांचा गठ्ठा ठेवलेला. बहुतेक दुकानांत असंच असतं. गिऱ्हाईक असताना बसलं तर बेअदबी, नसताना बसलं तर मालकाला वाटतं, याला काम नाही.

केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली दुकानातल्या नोकरांचा बसण्याचा हक्क कायद्यात लिहिला. बसण्यासाठी कायदा लागतो, याचं कुणाला हसू येईल. उभं राहणाऱ्याला येणार नाही. सुट्टीसुद्धा अशीच मागून मिळवावी लागली आहे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा घेऊन आठवड्याच्या सुट्टीची मागणी केली. ती मिळाली १० जून १८९० रोजी. फुल्यांच्याच नावाच्या बाजारात उभ्या असलेल्या त्या पोराकडे बघताना मला हे आठवत होतं. आपल्याकडे २०१७ च्या कायद्याने दुकानं वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवायची मुभा दिली आणि नोकराला आठवड्यातून एक सुट्टीही सांगितली. पण तो कायदा झाला दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांसाठी. चार-पाच नोकरांच्या दुकानात मालकाची माणुसकी हाच कायदा.

बायकोने भाव केला, तोही अहिराणीत. उर्दूत घासाघीस जमत नाही, असं तिचं मत आहे. दीडशे रुपये कमी करून घेतले. मग तिने स्टुलावरचा गठ्ठा उचलून खाली ठेवला आणि पोराला म्हणाली, "बेटा, बिल होईस्तोवर बस जरा." पोराने गल्ल्याकडे पाहिलं. बसला नाही. "सवय आहे, मावशी," म्हणाला.

परतीच्या बसमध्ये तिने साडीची पिशवी मांडीवर धरली होती. मी म्हटलं, "वर ठेव ना." ती म्हणाली, "असू द्या." पारोळ्यापर्यंत दोघंही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मालकांपाशी विषय काढला. ते म्हणाले, "३१ वर्षांत पहिल्यांदा काही मागितलंत, ते स्टूल?" आठवड्याभरात दोन स्टुलं आली. पोरं अजून बसायला बिचकतात. म्हणून गिऱ्हाईक नसलं की मी आधी बसतो.

श्रोतेहो, सण आला, लग्नाचा बस्ता बांधायचा झाला, की तुम्हीही खरेदीला जाल. अवश्य जा, सव्वीस साड्या उलगडायला लावा, मन भरून बघा. ते आमचं कामच आहे. फक्त शटर अर्धं खाली आल्यावर आत शिरू नका. आणि समोरचा माणूस क्षणभर टेकला, तर तो टेकलाय हे मालकाला दिसू देऊ नका.